डिमेन्शिया झालेल्या आपल्या माणसाचं लिहिणं चालू ठेवताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

आयुष्यभर रोजनिशी लिहिलेल्या, भाचरांना पत्रं पाठवलेल्या, वर्तमानपत्रात नेमाने वाचकपत्रं छापून आलेल्या माणसाला डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान होतं, आणि घरचे दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर 'उगाच त्रास कशाला' म्हणून वही-पेन हळूच उचलून ठेवतात. नाहीतर दोनशे पानी कोरी वही समोर ठेवून 'बाबा, आता रोज आठवणी लिहा' असं सांगतात. आठवड्याभरात वही तशीच राहिली की 'आता त्यांना जमत नाही' असं ठरवून टाकतात. दोन्ही घरांत लिहिणं बंद पडायला हवं त्यापेक्षा कितीतरी आधी बंद पडतं.

हा लेख आजाराच्या सुरुवातीच्या आणि मधल्या काळासाठी आहे. सगळ्या टप्प्यांमागे कामाची एकच वाटणी आहे: शब्द त्यांचे, बाकी सगळं तुमचं. बसवणं, सुरुवात करून देणं, धागा धरून ठेवणं, सामान, वेळ, शांतता ही कामं आता त्यांच्या मेंदूला जड जातात, ती तुम्ही उचला. शब्दांना मात्र हात लावू नका.

टप्पा १: नेमकं कुठे अडलंय ते ओळखा

बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि पुढे सगळंच बिनसतं. 'लिहिता येत नाही' या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळ्या अडचणी असू शकतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो.

आधी साध्या गोष्टी बघून घ्या. चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? मोतीबिंदू आहे का? कानाचं यंत्र चालू आहे का? बोटांचा संधिवात, हाताची थरथर? नैराश्य, बी-१२ची कमतरता आणि थायरॉइड यांमुळेही माणूस मंदावतो. याबद्दल डॉक्टरांना विचारा.

मग दोन-तीन दिवस नुसतं बघा. परीक्षा घेतल्यासारखं करू नका. किराणा मालाची यादी, कुरिअरची सही, पाहुण्याचा फोन नंबर टिपून घेणं अशा रोजच्या कामांत सगळं दिसतं.

- छापलेली ओळ बघून नीट उतरवतात, पण तुम्ही सांगितलेला शब्द लिहिताना थांबतात: हात ठीक आहे, अक्षर आठवत नाही. नेहमी लागणारे शब्द, घरच्यांची नावं मोठ्या अक्षरात एका पट्टीवर लिहून समोर ठेवा.
- बघूनही उतरवता येत नाही, अक्षरं रेघेवरून घसरतात, पानाची एक बाजू रिकामी राहते: जागेचा अंदाज चुकतोय. ठळक रेघा आणि पानावर कमी मजकूर हवा.
- अक्षर ओळीच्या शेवटी बारीक-बारीक होत जातं: हे पार्किन्सनच्या जातीच्या आजारांत दिसतं. डॉक्टरांना सांगा आणि रुंद रेघांचा कागद घ्या.
- तोंडी छान सांगतात, कागदावर काहीच उतरत नाही: टप्पा ६ तुमच्यासाठी आहे.
- तोंडीही शब्द सापडत नाही, 'ते… ते आपलं… ते' असं होतं: स्पीच थेरपिस्टकडे जा. भाषा टिकवायच्या उपायांवर ते काम करतात. त्यांचं काम फक्त तोतरेपणापुरतं आहे हा समज सोडा.
- सगळं येतं, पण आपणहून सुरूच करत नाहीत: याला घरात सर्रास आळस म्हटलं जातं. पुढाकार घेण्याची क्षमता कमी होणं हे आजाराचं लक्षण आहे. तुम्ही सुरुवात करून दिलीत की असा माणूस पानभर लिहितो.

देवनागरीत गोंधळ बऱ्याचदा ऱ्हस्व-दीर्घ, रफार आणि जोडाक्षरांपाशी दिसतो. माझ्या सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या वहीत 'विद्यार्थी'चा 'विद्याथी' झाला, मग 'विधाथी' झाला. कधी 'म'चा दांडा एकाला एक जोडून चार वेळा येतो. वाक्य मात्र पूर्ण असतं आणि अर्थही लागतो. वाचता येतंय तोवर ते लिहिणं चालू आहे असंच धरा.

*सावध:* सहीवरून अंदाज बांधू नका. सही सवयीने होते आणि बाकीचं लिहिणं गेल्यावरही बराच काळ टिकते. सही झोकदार आहे म्हणजे पत्र लिहिता येईल असं नाही. सही केलेल्या कागदावर काय आहे हे कळलं, असा तर तिचा अर्थ मुळीच होत नाही.

टप्पा २: वेळ, जागा, सामान

वेळ सकाळची ठेवा. अंघोळ, नाश्ता, गोळ्या झाल्यावर, साधारण दहाच्या सुमाराला. डिमेन्शियात दिवस कलताना अस्वस्थता आणि गोंधळ वाढतो, म्हणून 'मी ऑफिसमधून आल्यावर बसू' हा बेत सहसा फसतो. नोकरी असेल तर शनिवार-रविवारची सकाळ तुम्ही घ्या आणि मधल्या एखाद्या दिवसासाठी मावशी, शेजारी किंवा कॉलेजातलं नातवंड यांना हा लेख वाचायला देऊन बसवा. दोन माणसांनी दोन पद्धती वापरल्या तर त्रास होतो.

टीव्ही बंद. कुकर आधीच उतरवलेला. फोन दुसऱ्या खोलीत. पुण्यात गणपतीचे दहा दिवस पेठांमधल्या घरात हे जमत नाही, त्या दिवसांत बैठक बंद ठेवली तरी चालेल. त्याआधीचे ढोल-ताशाचे सराव संध्याकाळी असतात, तेव्हा सकाळ तशी मोकळी मिळते.

जागा रोज तीच. खुर्ची-टेबल, पाय जमिनीला टेकलेले. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा. टेबलाची काच चमकते आणि फुलाफुलांच्या टेबलक्लॉथवर कागद नजरेत हरवतो. म्हणून गडद, एकरंगी कापड अंथरा, पांढऱ्या कागदाची कड त्यावर स्पष्ट दिसते.

आता सामान. जाड वही नको, तिच्या कोऱ्या पानांचाच धाक बसतो. पॅडला लावलेले दोन सुटे रेघांचे कागद पुरे. पेन त्यांच्या सवयीचं घ्या. शाईचं पेन वापरत असतील तर शाई तुम्ही भरा, पण पेन बदलू नका. बॉलपेनला जोर लागतो, तो जमत नसेल तर गडद उमटणारं जेल पेन द्या. बोटांत पकड येत नसेल तर पेनावर जाड रबरी ग्रिप चढवा. हे सगळं पुण्यात अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं. तिथेच दुरेघी वहीही मिळते आणि ती उपयोगाची आहे, पण मुखपृष्ठावर कार्टून असलेली घेऊ नका. बाराखडी गिरवायचं पुस्तक तर अजिबात नको. ज्या बाईंनी तीस वर्षं मुलांना लिहायला शिकवलं त्यांच्यापुढे गिरवायचं पुस्तक ठेवणं हा अपमान आहे, आणि डिमेन्शियात अपमान कळतो.

मुळात टाइप करायची सवय असेल तर टायपिंगच चालू ठेवा. अक्षरं मोठी करा, पडद्यावर एकच फाइल उघडी राहू द्या. नवा टॅब, नवं ॲप शिकवायची ही वेळ नव्हे.

*पुढे जाण्याआधी बघा:* चष्मा पुसलेला, कानाचं यंत्र लावलेलं, बाथरूमला जाऊन आलेले, पाणी जवळ. निम्म्या वेळा 'मूड नाही' याचं कारण यातच सापडतं.

टप्पा ३: विषय ठरवा, पण 'आठवतंय का?' विचारू नका

हा प्रश्न घरातून हद्दपार करा. त्याचं उत्तर बऱ्याचदा 'नाही' असतं आणि दरवेळी तो 'नाही' माणसाला आणखी गप्प करतो. 'काय लिहायचंय?' हा प्रश्नही तितकाच अवघड, कारण त्यात सगळं जग मोकळं सोडलेलं असतं.

त्याऐवजी हातात काहीतरी द्या आणि विधान करा. जुना फोटो, अडकित्ता, ऑफिसचं ओळखपत्र, शाळेचं प्रगतिपुस्तक, निवडायला घेतलेली मेथी. 'हा फोटो तुळशीबागेतला दिसतोय' एवढं बोला आणि थांबा. चुकीचं असेल तर ते दुरुस्त करतील, आणि दुरुस्ती करताना बोलतात. प्रश्न विचारायचाच तर दोन पर्याय द्या: 'शाळेचं लिहू की पुराचं?'

जुनं आधी, ताजं नंतर. परवाचा पाहुणा पुसला जातो, पण आज ऐंशीच्या आसपास असलेल्या पुणेकराला १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर तपशिलासकट सांगता येण्याची शक्यता पुष्कळ असते. तेव्हा ते शाळा-कॉलेजच्या वयात होते. तरी 'पानशेतबद्दल लिहा' असं म्हणू नका. विषय बारीक करा: पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, घरातून काय उचलून नेलं, रात्री कोणाकडे झोपलात. सासूबाईंनी एका सकाळी एवढंच लिहिलं: 'पाणी आलं. आईने देव घेतले. मी दप्तर घेतलं. पाणी आलं.' त्यात भर घालायची गरज नव्हती.

पुराचा विषय एखाद्याला भिववतोही. चेहरा बदलला, हात थरथरले, उठून दार बघायला गेले तर विषय तिथेच सोडा आणि 'छान लिहिलंत, चहा घेऊ' म्हणा.

माझ्या मते या सगळ्यांत सोपा प्रकार म्हणजे पोस्टकार्ड. जागा थोडी, वाचणारा ठरलेला, मायना ठरलेला, शेवट ठरलेला. 'चि. … यास अनेक आशीर्वाद' हे हाताला सवयीने येतं. पत्ता तुम्ही आधीच लिहून ठेवा, आणि कार्ड खरंच पेटीत टाका. मुख्य म्हणजे ज्याला जाणार त्याला फोन करून सांगा की उत्तर कागदावर, मोठ्या अक्षरात, चार ओळींत पाठव. उत्तर आलं की पुढच्या पत्राचा विषय आपोआप मिळतो. व्हॉट्सॲपवर 'मिळालं आजी 🙏' असं उत्तर आलं तर मात्र त्याचा काही उपयोग होत नाही.

कधी गेलेल्या माणसाला पत्र लिहायला घेतील. नवऱ्याला, आईला. 'अहो ते गेले ना' असं सांगू नका, त्यांना ती बातमी नव्याने बसते. लिहू द्या, वाचून घ्या आणि त्यांच्या कागदांत जपून ठेवा.

टप्पा ४: सुरुवात, याच क्रमाने

१. शेजारी बसा, समोर बसू नका. समोर बसलं की तोंडी परीक्षा वाटते.

२. कागदाच्या माथ्यावर 'श्री' त्यांना लिहू द्या. तारीख तुम्ही घाला. 'आज तारीख काय?' हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीतला आहे, घरातला नाही.

३. मागच्या वेळी लिहिलेल्या शेवटच्या दोन-तीन ओळी मोठ्याने, त्यांच्याच शब्दांत वाचा. 'काल तुम्ही हे लिहिलंत' असं पुराव्यानिशी पटवायला जाऊ नका. आठवत नसेल तर नसेल, ओळी ऐकून धागा लागतो.

४. पुढचं अर्धं वाक्य तोंडी द्या: 'आईने देव घेतले, आणि मग आम्ही…'

५. पेन सर्वांत शेवटी हातात द्या. आधी दिलं तर बऱ्याच जणांना त्याचं काय करायचं ते सुचत नाही आणि ते टोपणाशी खेळत राहतात.

हात गरम व्हायला लिखित जप उत्तम. घरात रामनामाची वही असेल तर एक ओळ 'श्रीराम जय राम जय जय राम' लिहून मग विषयाकडे वळा. पाठांतरातलं लिहिणं बराच काळ शाबूत असतं. फक्त जपाची वही भरतेय म्हणून समाधान मानून थांबू नका. स्वतःचं वाक्य जमण्यासारखं असेपर्यंत ते मागत राहा.

टप्पा ५: लिहिताना तुम्ही काय करायचं

पेन थांबलं की मनात सावकाश दहापर्यंत मोजा. आपल्याला ही शांतता सहन होत नाही आणि तिसऱ्या अंकालाच आपण शब्द सुचवतो. त्यांना शब्द शोधायला आता जास्त वेळ लागतो, आणि मध्येच बोललं की शोधलेलाही हरवतो.

दहानंतरही हालचाल नसेल तर लिहिलेली ओळ सुरुवातीपासून वाचा. मग दोन शब्द पुढे करा: 'वाडा की चाळ?' तेही जमलं नाही तर तो शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहून शेजारी सरकवा, त्यांच्या कागदावर लिहू नका.

शुद्धलेखन सुधारू नका. तोंडीही नको, नंतर गुपचूपही नको. लाल पेन तर घरात दिसता कामा नये. तपशील चुकला, मोठ्या भावाच्या जागी धाकट्याचं नाव आलं, तरी त्या वेळी सोडून द्या.

तेच वाक्य तिसऱ्यांदा येत असेल तर 'हे झालं' म्हणू नका. नवा कागद पुढे ठेवा आणि पुढचा धागा द्या. कागद बदलला की बहुतेक वेळा वाक्यही बदलतं.

पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. दमल्याच्या खुणा अशा: अक्षर मोठं किंवा वेडंवाकडं होतं, पेन आपटतात, 'कोण येणार आहे?' असं विचारतात. खुणा दिसायच्या आधी थांबणं चांगलं. वाक्य अर्धं राहिलं तर राहू द्या, उद्या सुरुवातीला तेच कामी येईल.

*सावध:* पाहुण्यांसमोर 'बघा, आमची आई अजून लिहिते' असा प्रयोग करू नका.

टप्पा ६: हात थकला, तोंड चालू आहे

आता तुम्ही लेखनिक. इथली मोठी चूक म्हणजे 'नीट' करून लिहिणं. त्या म्हणतात 'ती बाई, पिवळी, रोज यायची, दूध', आणि आपण लिहितो 'पिवळी साडी नेसलेली गवळण रोज दूध घेऊन येत असे.' हे वाक्य तुमचं झालं. वाचून दाखवल्यावर त्यांना ते आपलं वाटत नाही आणि पुढच्या वेळी त्या सांगत नाहीत.

बोलले तसंच लिहा. अडखळणं, उलटसुलट क्रम, कोकणी-वऱ्हाडी वळण, शिवी असेल तर शिवीही. दोन वाक्यं झाली की वाचून दाखवा आणि 'असंच?' एवढं विचारा. त्यांनी बदललं तर बदला. वाचणाऱ्याला कळावं म्हणून तुम्हाला काही घालायचंच असेल, नात्याचा खुलासा किंवा गावाचं नाव, तर वेगळ्या रंगाच्या शाईने समासात घाला.

बोलण्याचा वेग तुमच्या हाताला झेपत नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा, मात्र त्यांना सांगून. आवाजावरून मराठी टायपिंग करणारी सोय फोनच्या कीबोर्डमध्ये असते, पण ती तुटक बोलणं, जुने शब्द आणि माणसांची नावं बिघडवते. रेकॉर्डिंग ऐकून हाताने उतरवणं जास्त भरवशाचं.

शेवटी पेन त्यांच्या हातात द्या, खाली सही किंवा नाव त्यांनी घालावं. पान त्यांचं आहे हे त्यांनाही दिसतं.

टप्पा ७: लिहिलेलं जपणं, आणि काय उघड करायचं नाही

प्रत्येक पानावर मागच्या बाजूला तारीख आणि तुम्ही किती मदत केलीत ते एका ओळीत टिपा: 'स्वतः लिहिलं', 'दोन शब्द सुचवले', 'सांगून लिहवलं'. फोनने फोटो काढा, पानं क्रमाने फाइलला लावा. मूळ पानावर काहीही खोडू नका.

कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर आधी विचारा, आणि त्याच दिवशी विचारा. आजाराच्या आधी त्यांनी आपली रोजनिशी कोणाला दाखवली नसेल तर तोच नियम आजही लागू. कधी वहीत 'सुनेने पैसे घेतले', 'मला इथे कोंडलंय' असंही येतं. संशय हे या आजारात नेहमी दिसणारं लक्षण आहे. त्यावरून वाद घालू नका, पान कोणाला फिरवू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि कोणी खरंच त्रास देत नाही ना, हेही एकदा शांतपणे पडताळा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभरची हेल्पलाइन आहे.

टप्पा ८: कायद्याचे कागद या बैठकीत आणू नका

चेकबुक, बँकेचे अर्ज, सोसायटीची पत्रं लिहायच्या टेबलावर ठेवू नका. छान लिहितायत म्हणून 'जाता जाता' एखाद्या कागदावर सही घेणं चूक आहे आणि पुढे भावंडांत कोर्टकज्जे होण्याचं कारणही. मृत्युपत्र करायचं असेल तर निदानानंतर लवकर, समज शाबूत असताना, वकील आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने करा. मुखत्यारपत्राबद्दल (पॉवर ऑफ ॲटर्नी) एक गैरसमज घरोघरी आहे. देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २०१ प्रमाणे ते संपतं. ते करून ठेवलं म्हणजे पुढची सोय झाली असं धरून चालू नका.

टप्पा ९: उतरत्या पायऱ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना

आजार वाढतो तसं काम लहान करा, बंद करू नका. पानाची जागा पोस्टकार्ड घेईल, पोस्टकार्डाची जागा फोटोखालची एक ओळ, तिच्यानंतर तुम्ही लिहिलेल्या वाक्यातला गाळलेला शब्द, मग नुसतं नाव. त्यानंतर त्यांचंच जुनं लिखाण तुम्ही वाचून दाखवा. खालच्या पायरीवर उतरायची वेळ आली का हे ओळखायला एकच खूण पुरे: सलग तीन-चार बैठकांत लिहिण्यापेक्षा वैताग जास्त होतोय. आणि पेन बाजूला सारून चेहरा फिरवला तर त्या दिवशी 'नको' म्हणजे नको.

हळूहळू होणारा हा उतार वेगळा. कालपर्यंत लिहिणारा माणूस एक-दोन दिवसांत एकदम गोंधळला, असंबद्ध लिहू लागला, झोपाळला किंवा चिडचिडा झाला तर 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठता, नवी गोळी अशी बरी होणारी कारणं त्यामागे असू शकतात, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हात लुळा पडून पेन गळालं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर पक्षाघात समजून ताबडतोब हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून घ्या.

नेहमीच्या तपासणीला जाताना गेल्या तीन-चार महिन्यांतली तारखा घातलेली पाच-सहा पानं सोबत न्या, मागच्या मदतीच्या नोंदींसकट. 'आधीपेक्षा कमी लिहितात' असं नुसतं सांगण्यापेक्षा त्या पानांवरून बदल कसा आणि किती झाला हे डॉक्टरांना जास्त कळतं. मूळ पानं परत घ्या, झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवा.